बाळंतिणीचं पाणी

माय, तुला वाचता येत नव्हतं, हे कागद समोर ओढल्यावर आठवलं. तू होतीस तेव्हाही घरी आलेली पत्रं मीच वाचून दाखवायची, आणि वाचता वाचता त्यातलं नको ते गाळून टाकायची. आत्याचे टोमणे तुझ्या कानापर्यंत कधी पोचलेच नाहीत, म्हणून तू तिला शेवटपर्यंत भोळी समजत राहिलीस. आता हे तुला तिकडे कोण वाचून दाखवेल ते ठाऊक नाही. आत्याच दाखवणार असेल तर कठीण आहे.

झालं असं, की एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे बाळंतपणावर विनोदी लेख मागितला. लोकांच्या फजित्या लिहिणं हाच आता माझा धंदा आहे. तुझ्या हयातीत त्याला 'पोट्टीची जीभ लय चालते' एवढंच नाव होतं. 'तुमचं सिझेरियन झालं होतं म्हणे, त्यावर काही खुसखुशीत होईल का?' असं त्यांनी विचारलं. ज्याचं पोट कधी कोणी उघडलेलं नाही तोच माणूस असं विचारू शकतो, पण मी हो म्हटलं. दोन पानं झरझर झाली. मग लेखात तू आलीस, खाटेशेजारच्या स्टुलावर बसलीस, पाण्याचा तांब्या पायाशी ओढून घेतलास, आणि लेख तिथेच थांबला. म्हणून आता तुलाच लिहिते.

माझं दुखणं तुझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. मी सहावीत असताना ते सुरू झालं. लघवीला जाऊन यावं, चार पावलं टाकावीत, की पुन्हा जावंसं वाटायचं. आणि गेलं की थेंबभर येऊन अशी आग व्हायची की जणू आत कोणी मिरची वाटून ठेवली आहे. गावच्या कंपाउंडरपासून नागपूरच्या मोठ्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांनी तपासलं. लघवीच्या तपासणीत कधी काही निघायचं नाही, आणि रोग सापडत नाही म्हटल्यावर तो नाहीच असं ठरवणं सगळ्यांना सोयीचं होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, मूत्राशय आतून सुजलंय आणि आकसलंय एवढं सांगितलं, आणि हात धुता धुता म्हणाले, 'लग्न झालं की जाईल.' तू डोक्यावरचा पदर सारखा केलास आणि अगदी नम्रपणे विचारलंस, 'मंग साहेब, तुमच्या दवाखान्यात लग्नंच काऊन नाई लावत?' बाहेर आल्यावर बसस्टँडपर्यंत मी हसत होते आणि तू मला दटावत होतीस, की मोठ्या माणसाच्या बोलण्याला असं हसू नये.

शाळेत तर रोजचं मरण. तासाला मी दोनदा हात वर करायची. गुरुजींना वाटायचं, पोरीला गणित नको आहे. (गणित मला नकोच होतं, ती गोष्ट वेगळी.) एकदा त्यांनी मला जाऊ दिलं नाही आणि मी वर्गातच ओली झाले. दुसऱ्या दिवशी बाजाराला जाता जाता तू डोक्यावर वांग्याची टोपली घेऊन वर्गाच्या दारात उभी. टोपली खालीसुद्धा ठेवली नाहीस. 'गुरुजी, तुमची गाय दिसातून किती खेपा मुतते?' गुरुजी गोंधळले. 'मोजलं नाई,' म्हणाले. 'मंग माह्या पोट्टीचं काऊन मोजता जी?' एवढं बोलून तू बाजाराला गेलीस. त्या दिवसापासून मला हात वर करावा लागला नाही. मी उठले की गुरुजी फळ्याकडे तोंड करायचे. लोक मला विचारतात, तुमच्या लेखनाचे गुरू कोण. मी कोणा थोरामोठ्याचं नाव सांगून वेळ मारून नेते, कारण गायीची गोष्ट सभेत सांगता येत नाही.

सिंदी मेघेच्या आपल्या वाडीत तेव्हा मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, मुळे, वांगी. आणि संडास म्हणशील तर सगळं आकाश. बायका उजाडायच्या आत जायच्या आणि अंधार पडला की जायच्या. मधल्या वेळात बाईच्या जातीला लघवी लागत नाही असं गावानंच ठरवून टाकलं होतं. माझ्या मूत्राशयाला हा ठराव कोणी कळवला नव्हता. तू वांग्यांच्या वाफ्यामागे पऱ्हाट्या रोवून मला आडोसा करून दिलास, कपाशीच्या त्या वाळक्या काड्या सुतळीनं बांधून, वर फाटकं गोणपाट घालून. बाबा म्हणाले, तेवढ्या जागेत दोन ओळी कोबी झाला असता. तू म्हणालीस, 'कोबी रडत नाई.' त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. आणि पाणी. सकाळ-संध्याकाळ तू माझ्या मागे तांब्या घेऊन फिरायचीस. धने भिजवलेलं पाणी, सब्जाचं पाणी, काहीच नसेल तर विहिरीचं. 'पी वं, आग इझव.' माझ्या लहानपणातला तुझा सगळ्यात जास्त ऐकलेला शब्द 'पी' हाच असेल.

लग्न ठरायच्या बैठकीत तू एकच प्रश्न विचारलास. समुद्रपूरची मंडळी शेती किती, नोकरी पक्की आहे का, या प्रश्नांची उत्तरं तयार करून आली होती. मुलगा मास्तर होता, म्हणजे उत्तरं देण्यात तरबेज. तू दाराआडून विचारलंस, 'घरी संडास हाय का?' सगळे पुरुष आपापल्या चहाच्या बशीत बघू लागले. होता. चार वर्षांपूर्वीच बांधलेला होता. तू आत वळून म्हणालीस, 'करा मंग साखरपुडा.' माझ्या सासरी ही गोष्ट 'सूनबाईचे लाड' म्हणून कितीतरी वर्षं सांगितली जात होती, आणि मी खरं कारण कधी सांगितलं नाही. नवऱ्याला मात्र लग्नाच्या आठवड्यातच कळलं. तो बिचारा त्यानंतर एसटीच्या प्रत्येक प्रवासात कंडक्टरच्या शेजारची जागा धरून बसायचा, म्हणजे गाडी थांबवायची तर ओरडायला नको.

दिवस राहिले तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. सातव्या महिन्यात माहेरी आणलंस. पोटातलं बाळ मूत्राशयावर पाय देऊन उभं होतं, अगदी शब्दशः, कारण ते पायाळू निघालं. शहरातल्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई शांत होत्या, घाईत नव्हत्या, आणि माझं सगळं ऐकून घेऊन 'लग्न झालं की' असलं काही न म्हणणाऱ्या पहिल्याच. त्या म्हणाल्या, बाळ उलटं आहे, पोट उघडूनच काढावं लागेल. पिशवीच्या अगदी पुढ्यात मूत्राशय असतं, तुझं आधीच सुजलेलं आहे, ते जपून खाली सारू. तू त्यांचा हात धरलास. 'बाई, तिथी हात हलका ठेवजा. थे जागा लहानपणापासून रडून राह्यली.' त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, 'ठेवीन.' आणि त्यांनी ठेवला.

मुलगी झाली. टेबलावर मला कमरेखालचं काही कळत नव्हतं; जन्मात पहिल्यांदा तिथली आग पूर्ण थांबली होती, आणि मुलीच्या रडण्याआधी माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की बापरे, इतर बायकांना रोज असंच वाटत असेल. तू बाहेर व्हरांड्यात सगळ्यांना सांगत होतीस की पायाळू आहे, म्हणजे पाठीत उसण भरलेल्यांना लाथ मारायला कामाची. ती महिन्याची व्हायच्या आत शेजारचे दोघं पाठ घेऊन आले होते. तू त्यांना 'थोडी मोठी होऊ द्या' म्हणून परत पाठवलंस, डॉक्टरनं तारीख द्यावी तशी.

पण त्याआधी तो तिसरा दिवस होता. तिथेच माझा लेख अडला.

लघवीसाठी घातलेली नळी सकाळी काढली. ती नळी म्हणजे काय हे ज्याचं मूत्राशय शहाणं आहे त्याला समजणार नाही. दोन दिवस आत निखारा ठेवल्यासारखं झालं होतं. निघाली तेव्हा मी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं, ज्याच्याशी माझं एरवी फारसं बोलणं नसतं. सलाइनही बंद केलं. डॉक्टरीणबाई राउंडला आल्या आणि सगळ्या खाटांना उद्देशून म्हणाल्या, पाणी भरपूर प्यायचं. वॉर्डातल्या सगळ्या आयांनी एकदम माना डोलवल्या, आणि बाई दाराबाहेर पडताच सगळ्यांनी आपापले तांबे खाटेखाली सारले.

बाळंतिणीला पाणी द्यायचं नाही, हे आपल्याकडे कोणी शिकवत नाही, ते हवेतच असतं. पाणी प्यायलं की पोट सुटतं, दूध पातळ होतं, लेकराला सर्दी होते. आणि टाके असतील तर टाक्यात पाणी उतरतं आणि पू धरतो. चहा चालेल, ओवा घालून उकळलेलं चमचाभर चालेल. जन्मभर तांब्या घेऊन माझ्या मागे धावणारी तू आता तोच तांब्या पायाशी दाबून बसली होतीस. मी मागितलं की तू माझे ओठ ओल्या फडक्यानं पुसायचीस. दुपारपर्यंत लघवी झाली नव्हती. लागलेली होती, पोट दगडासारखं झालं होतं, पण होत नव्हती. थोड्याशा साठलेल्या लघवीची अशी आग होते, माय, की ती यायचंच नाकारते. तुला हे माहीत होतं. म्हणून तर आयुष्यभर 'पी, पी' केलंस.

सिस्टर केरळची होती, हिंदीत बोलायची. 'माँजी, पानी पिलाया?'

'हो जी, तांब्याभर.'

तू तिला रिकामा तांब्या दाखवलास. त्यातलं पाणी तू खिडकीतून खालच्या सदाफुलीला घातलं होतंस, मी बघितलं होतं. वॉर्डाच्या त्या बाजूची सदाफुली फार तजेलदार होती. आता मला कारण कळलं.

सिस्टरनं माझ्या ओटीपोटावर हात ठेवला. मी ओरडले. 'शाम के राउंड तक नहीं हुआ तो नली फिर डालनी पड़ेगी,' असं म्हणून ती पुढच्या खाटेकडे गेली.

'माय, मले पाणी दे.'

'नाई.'

'थे पुन्हा नळी घालन, माय.'

'घालू दे. नळीनं कोणी मरत नाई.'

एवढं कठोर तू माझ्याशी कधी बोलली नव्हतीस. मी म्हटलं, 'जल्मभर पाजलं, आन् आजच काऊन?' तू म्हणालीस, 'तवा तू बाळंतीण नव्हती. चूप राय, लेकरू उठन.' लेकरू उठलं नाही. मी तोंड भिंतीकडे केलं आणि रडले. टाके असताना रडणंही धड जमत नाही, प्रत्येक हुंदक्याला पोट ओढलं जातं, म्हणून मी श्वास धरून रडत होते. शेजारच्या खाटेवरची बाई तिच्या सासूशी भांडत होती, तेही थांबलं. मग मागून तुझा आवाज आला, भाव सांगावा तसा सपाट.

'तुह्या मावशीनं असंच मांगतलं होतं.'

मावशी बाळंतपणात गेली एवढंच मला माहीत होतं. घरात त्यावर कोणी बोलत नसे.

'दुसरा का तिसरा दिस होता. मी नवीनच लग्न झालेली, तिच्या पाशी राहाले गेलती. तिची सासू म्हणे, पाण्याचं नाव घ्यायचं नाई. तुही मावशी मले म्हणे, बाई, जीव सुकून राह्यला, घोटभर दे. मी देल्लं. चोरून. एक गिलास. दुसरा भरून राह्यलती तं सासूनं हात धरला. सांजेले तिले ताप भरला. मंग गेली. सारे इचारे, पाणी कोणं देल्लं. कोणं देल्लं. मी देल्लं होतं.'

मी भिंतीकडेच बघत राहिले. त्यानंतर मी पाणी मागितलं नाही. नळी तर नळी, असं मी मनाशी ठरवत होते, आणि ठरवता ठरवता पाय थरथरत होते. तुला ते चादरीवरून दिसलं असणार.

स्टूल सरकल्याचा आवाज आला. तू नळावर जाऊन तांब्या भरून आणलास. माझ्या मानेखाली हात घातलास. 'मुंडकं वर कर.' मी तुझ्याकडे बघितलं. 'पाहू नोको माह्याकडं. पी.' गिलास माझ्या दातांवर वाजत होता, इतका तुझा हात कापत होता. निम्मं पाणी माझ्या गळ्यावरून उशीत गेलं. तुझ्या समजुतीप्रमाणे तू मला विष पाजत होतीस, आणि तरी पाजत होतीस, कारण मला दुखत होतं. मी प्यायले. तू पुन्हा भरलास. पुन्हा प्यायले.

मग तू भांडं खाली सरकवलंस, पण होईना. तेव्हा तू बादली ओढलीस आणि उंचावरून तांब्यानं बारीक धार सोडायला लागलीस, लहान पोराला मुतायला बसवताना तोंडानं 'शीऽ' करतात तसं करत. साठीला टेकलेली बाई, नऊवारीचा काचा मारलेला, भर वॉर्डात बादलीत धार सोडत उभी आहे. पहिल्यांदा समोरच्या खाटेवरची उठून गेली. मग कोपऱ्यातल्या दोघी एकमेकींना धरून गेल्या. थोड्या वेळानं निम्मा वॉर्ड संडासाच्या रांगेत होता आणि सिस्टर विचारत होती की आज सबको क्या हुआ. मला हसू आलं. हसल्यानं टाके ओढले गेले, मी किंचाळले, आणि त्या किंचाळण्यातच ती झाली. आग होती, पण झाली, धार लागली.

'झालं?'

'झालं, माय.'

देवीच्या ओटीचं ताट न्यावं तसं तू ते भांडं दोन्ही हातांत धरून सिस्टरला दाखवायला नेलंस.

संध्याकाळी सासूबाई आल्या, बाळाचं नाक कोणावर गेलंय याची चर्चा झाली. तू त्या चर्चेत नव्हतीस. तुझा हात माझ्या कपाळावर होता. टाके काढेपर्यंत तो तिथून फारसा हललाच नाही. बाळाला घेतलंस तरी दर थोड्या वेळानं उलटा हात माझ्या गळ्याला लावून बघायचीस. ताप आला नाही. टाके काढताना तू डॉक्टरीणबाईंच्या खांद्यावरून वाकून बघत होतीस. त्यांनी विचारलं, 'काय बघताय, आजी?' तू म्हणालीस, 'सुकं हाय.' आणि व्हरांड्यात जाऊन बसलीस. मी नवऱ्याला तुला बघायला पाठवलं. तो परत येऊन म्हणाला, त्या काही करत नाहीत, नुसत्या बसल्यात.

पुढे तपासणीला गेले तेव्हा मी बाईंना मावशीचं विचारलं. त्यांनी सांगितलं ते मी वाडीत येऊन तुला सांगितलं. तू मेथीच्या जुड्या बांधत होतीस. मी म्हटलं, माय, मावशी पाण्यानं नाई गेली. आतमध्ये जखम राहते, तिथं घाण हात लागला की विष पसरतं, ताप येतो. पाण्याचा त्यात काही संबंध नाही, उलट तापात पाणी द्यावंच लागतं. तू मत मागायला आलेल्या पुढाऱ्याचं ऐकावं तसं ऐकलंस. 'असन,' म्हणालीस. आणखी दोन-तीन जुड्या बांधल्यास. मला वाटलं विषय संपला. मग सुतळी दातानं तोडत म्हणालीस, 'मंग कमीच देल्लं मी तिले.'

माय, मी मेथी निवडायला बसले.

तू गेल्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. माझं दुखणं आहे तसंच आहे. त्याला आता लांबलचक नाव मिळालं आहे, नावानं आग कमी होत नाही, पण चार बायकांत सांगायला बरं पडतं. संपादकांना हे पाठवणार नाही. त्यांना नवऱ्यांवर काहीतरी लिहून देईन. नवरे खुसखुशीत असतात. आणि तुला पाठवायचं म्हटलं तर पत्ता नाही. फक्त एक सांगायचं राहिलंय, तेवढ्यासाठी एवढे कागद भरले.

त्या दिवशी भांडं दाखवून तू परत आलीस, तेव्हा मी मोकळी झाले होते, माझे डोळे मिटत होते. तू स्टुलावर बसली नाहीस. कोणी न मागता तू आणखी एक गिलास भरलास, काठोकाठ, आणि माझ्या तोंडाशी धरलास. या वेळी हात कापत नव्हता. तू माझ्याकडे बघतही नव्हतीस, खिडकीकडे बघत होतीस. मी तो सगळा प्यायले, तळाचा थेंब येईपर्यंत.

तहान नव्हती मले, माय.